सत्यवतीची नाडी, माझं मनगट

कोकसर, लाहौल
ता. २३ जून १९७४

माय,

जयभीम. मी जिवंत आहे, दोन टाईम जेवून राहिलो, अन् अंगात स्वेटर आहे. तू हे विचारणार नाहीस म्हणून आधीच सांगून टाकलं.

सत्यवती तुले हे वाचून दाखवेल. (सत्यवती, कंसातलं मोठ्यानं वाचू नको, ते फक्त तुले आहे. तुझी चिठ्ठी भेटली. तिसरा महिना सरत आला हे वाचून मी सडकेवरच खाली बसलो. मुकादमाले वाटलं ऊन लागलं. इथं ऊन कोठी लागते.)

हे गाव हिमालयात आहे. मनालीवरून रोहतांगचा घाट चढायचा अन् पलीकडं उतरायचं. थंडीत घाट बर्फानं बंद होते, मग इकडचा माणूस इकडं अन् तिकडचा तिकडं. मी सडकेवर गिट्टी फोडतो. खापरखेड्यात कोळशावर टिकलो नाही, विडीच्या कारखान्यात टिकलो नाही, ट्रकवर क्लीनर होतो तिथून इटारसीले उतरून पळालो, हे सगळं तुले पाठ आहे. इथं मात्र दीड महिना झाला. एका बाजूले नदी अन् दुसऱ्या बाजूले डोंगर, पळायले जागाच नाही.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी नळावर जे झालं त्याबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही. कागद लहान आहे.

पण सत्यवतीनं लिहिलं ते वाचून मले राहवलं नाही. तू तिले म्हटलं म्हणे, "तुझा नवरा चार बायांसमोर म्हणून गेला, माझ्या हाताले यश नाही. तर मग माझा हात तुले लागणार नाही. मोठ्या दवाखान्यात नाव टाक." एका घरात राहता, एका चुलीवर जेवता, अन् तू तिच्या पोटाकडं पाहत नाहीस. माय, आधीची दोन लेकरं चौथ्या महिन्यात गेली. आता पुन्हा तोच महिना येऊन राहिला. तू अख्ख्या इंदोऱ्याची सुईण अन् घरच्या सुनेकडं पाठ. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ ना, मी तर हजार मैलांवर आहे, कितीही काढ.

बरं, एक गंमत सांगतो. आमच्या गँगमध्ये तिबेटची माणसं आहेत, त्यांचा देश गेला म्हणून इकडं येऊन सडक बनवतात. त्यात एक साठीची बुढी आहे, नोर्झोम नावाची. दिवसभर गिट्टी फोडते अन् सकाळी दवा देते. बाप वैद्य होता, त्यानं हिले शिकवलं. यांच्या बोलीत वैद्याले आमची म्हणतात. पहिल्या दिवशी कोणी म्हटलं, "वो आमची है," तर मी म्हटलं असेल बाप्पा तुमची. बायांचे दुखणे अन् बाळंतपण हे तिचं खास काम. तुझ्यासारखीच आहे. म्हणजे बोलायले कडू.

मी तिले सांगितलं, आम्हीपण बौद्ध. तिनं विचारलं, किती वर्षं झाली. मी म्हटलं अठरा. ती एवढी हसली की हातोडा खाली ठेवला. "हमारा हजार साल ऊपर," म्हणे. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "ताजा मक्खन भी अच्छा होता है."

तुझा,
लहानू

---

कोकसर
ता. २१ जुलै

माय,

जयभीम. सत्यवती लिहिते की तू तिच्याकडून कंसातलंच आधी वाचून घेतेस. आता कंस काढून काय फायदा, पण सवय लागली.

आमचीबाईकडं मी सत्यवतीची नाडी दाखवून आलो. हसू नको. यांच्या वैद्यकीत असं आहे की माणूस दूर असला तर त्याच्या जवळच्या नात्यातल्याची नाडी पाहतात. बापाची पोराच्या हातावर, बायकोची नवऱ्याच्या. पण त्याचे कायदे फार. आदल्या दिवशी दारू नाही, मटण नाही, भांडण नाही, धावपळ नाही, पोटभर झोप. अन् सकाळी ऊन समोरच्या शेंड्यावर आलं पण खाली उतरलं नाही, तेवढ्याच वेळात पाहायचं.

पहिल्या दिवशी गेलो तर तिनं बोट ठेवलं अन् लगेच काढलं. "छांग पिया." छांग म्हणजे यांची जवाची दारू. एकच वाटी होती माय, तीपण थंडीसाठी. दुसऱ्या खेपेले म्हणे, "झगड़ा किया." त्या बिहारी पोट्ट्यानं माझं घमेलं नेलं होतं. तिसऱ्या खेपेले मी आदला अख्खा दिवस तंबूत पडून राहिलो. आयुष्यात एवढा वेळ एका जागी मी राहिलो नव्हतो, तुले माहीत आहे. तुझ्या पोटातपण मी नऊ महिने राहिलो नाही, तूच सांगते आठव्यातच आला म्हणून.

तीन बोटं मनगटावर, आधी एक हात, मग दुसरा. डोळे बंद. एवढा वेळ लागला की ऊन गावात आलं. मग म्हणे, "बच्चा ठीक बैठा है. औरत में हवा ज्यादा. डरती है. रात को सोती नहीं. पाँव में तेल कौन लगाता है?"

मी म्हटलं, मेरी माँ.

तिची बोटं अजून मनगटावरच होती. "झूठ," म्हणे. "नाड़ी कूद गया."

मग मले सगळं सांगावं लागलं. नळावरचंपण सांगितलं. तिनं माझा हात असा खाली ठेवला जसा दुसऱ्याचा होता.

दवा दे म्हटलं तर देत नाही. पोटुशी बाईले डोळ्यानं पाहिल्याशिवाय गोळी देत नाही म्हणे. गरम खायले दे, तूप दे, पायाले तेल चोळ, अन् जिच्याजवळ भीती वाटत नाही असं माणूस जवळ बसव. हे ऐकायले मी तीन खेपा घातल्या काय? हे तर तू मोहल्ल्यातल्या प्रत्येकीले फुकट सांगते.

मुलगा का मुलगी हे मी विचारलं. म्हणे, हे विचारणाऱ्याले मी पत्थर फोडायले पाठवते. मी म्हटलं, मी तेच करून राहिलो.

पण मी रिकाम्या हातानं राहणारा नाही. गँगमध्ये ताशी म्हणून आहे, त्याच्या बायकोले मागच्या महिन्यात लेकरू झालं. आमचीबाईनं तिले बाळंतपणाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यातल्या चार उरल्या. त्या मी मागून घेतल्या. उद्या पार्सलनं पाठवून राहिलो. एकेक गोळी लाल रेशमी कापडात बांधलेली आहे, वरून रंगीत दोरा अन् लाखेचा ठिपका. आत औषध आहे माय, बाहेरचं पाहून फेकू नको.

(सत्यवती, रोज सकाळी एक, कोमट पाण्यासोबत. चार दिवस. माय नाही म्हटली तरी घेजो.)

तुझा,
लहानू

---

केलाँग, तार ऑफिसच्या पायरीवर
ता. १४ ऑगस्ट

माय,

हे पत्र तारेच्या मागून येईल. तार भेटली असेल. नसेल भेटली तर हे वाचताच गोळ्या फेकून दे. सत्यवती, तू वाचून राहिली असशील, तर इथंच थांब अन् आधी गोळ्या मायच्या हातात दे.

आता सांगतो. शनिवारी तुमची चिठ्ठी आली. पार्सल पाहून तू म्हटलं म्हणे, "छप्पन साली भर मैदानात उभं राहून गंडेदोरे सोडले. याले कडेवर घेऊन सोडले. अन् हा हिमालयात जाऊन मले गंडा पाठवते?" अन् पार्सल फडताळात टाकलं. मले राग आला. चिठ्ठीच्या खाली सत्यवतीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं की तुम्ही म्हणता तर मी मायले न सांगता एक काढून घेते.

ते वाचून मी खुश झालो. तोऱ्यात आमचीबाईले सांगितलं, तू दवा दिली नाहीस तरी माझ्या बायकोले पोचली. ताशीच्या बायकोच्या चार गोळ्या.

तिनं हातोडा टाकला. "वो बच्चे के बाद का है," म्हणे. "आँवल नहीं गिरता तब देते हैं. गिराने का है." आँवल म्हणजे आपली वार.

माय, मी विचारलंच नव्हतं कधी खायची म्हणून. मले वाटलं बाळंतपणाची गोळी म्हणजे बाळंतपणाची गोळी, आधी खाल्ली काय अन् नंतर काय. सकाळी एक, हे तर मी मनानंच लिहिलं. गोळ्या सकाळीच खातात म्हणून.

तारेचं ऑफिस केलाँगले. मधात दरड पडलेली, ट्रक बंद. मी चालत निघालो, आमचीबाई माझ्यासोबत निघाली. मी म्हटलं, तुम्ही काहून येता, तर म्हणे, "तेरा भरोसा नहीं, तू तार में भी कुछ और लिखेगा." साठीची बाई माझ्यापुढं चालत होती. वाटेत एका घरी थांबलो, सकाळी पुन्हा चाललो. तार बाबूनं लिहिली, तिनं मले तीनदा वाचायले लावली. गोळी खाऊ नये. मायला दाखवा. एवढंच.

आता ती पायरीवर बसून माळ ओढून राहिली अन् मी हे लिहून राहिलो. चार महिने झाले, पाचवा चालू आहे. आधीची दोन्ही यापुढं गेली नव्हती. तू वाचत नाहीस, ऐकतेस, तर ऐक. हे जे झालं ते मी केलं, तू नाही अन् सत्यवती नाही. अन् नळावर मी जे बोललो ते

राहू दे. आधी तुमचं उत्तर येऊ दे.

लहानू

---

कोकसर
ता. ५ सप्टेंबर

माय,

जयभीम, जयभीम, जयभीम. एक तुले, एक सत्यवतीले, एक पोटातल्याले.

तुमची तार भेटली अन् मागून चिठ्ठीपण. तारेत तू शेवटचा शब्द "मूर्खा" टाकायले लावला. तार ऑफिसात एकेका शब्दाचे पैसे घेतात, तरी तू तो सोडला नाहीस. बाबूनं वाचून दाखवला तेव्हा मी त्याच्या गळ्यात पडलो.

सत्यवतीनं जे लिहिलं ते मी एवढ्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटला. ती म्हणते, दुपारी तू झोपली समजून तिनं एक गोळी काढली, ब्लेडनं दोरा कापला, पेल्यात कोमट पाणी घेतलं. वास घरात पसरला. तू खाटेवरून म्हटलं, "काय आहे ते? दाखव." गोळी तिच्या तळहातावर होती. तू तिचं मनगट धरलं, गोळी दातानं फोडली, जिभेवर ठेवली, अन् उठून तिच्यासकट नालीपाशी जाऊन थुंकली. पाच वेळा चूळ भरली. मग म्हटलं, "हे खाली उतरवणारं आहे. हे आता द्यायचं नाही. कोणत्या गाढवानं सांगितलं?" ती म्हणाली, तुमच्या. तिचं मनगट तू सोडलंच नाही, तसंच धरून तिले खाटेवर बसवलं अन् पोटावर हात ठेवला. तीन-चार दिवसांनी माझी तार आली तर पोस्टमनले म्हटलं, "त्याले सांग, माझी जीभ तुझ्या तारेच्या आधी पोचली."

मी हे सगळं आमचीबाईले सांगितलं. फोडून जिभेवर ठेवली हे ऐकून ती उभी राहिली. मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा ऐकलं. मग गँगमधल्या तिच्या सगळ्या बायांना बोलावून त्यांच्या बोलीत सांगितलं, अन् त्या सगळ्या माझ्याकडं पाहून हसल्या. मग मले म्हणे, "तेरी माँ आमची है. तू क्या है?"

सत्यवती लिहिते, आता तू तिच्या खाटेशेजारी चटई टाकतेस. रात्री पायाले तिळाचं तेल चोळतेस. पण अजून माझं नाव घेत नाहीस. माझी गोष्ट निघाली तर "तो" म्हणतेस, नाही तर "सडकवाला".

तुझा,
सडकवाला

---

कोकसर
ता. १९ ऑक्टोबर

माय,

जयभीम. मी आता पोस्टमन झालो. तू तिकडून विचारतेस, आमचीबाई इकडून, अन् मी मधात गिट्टी फोडतो.

तू विचारलं, नाडीवरून लेकरू आडवं आहे का सांगता येते का. ती म्हणे, नाही येत. त्यासाठी पोटावर हातच लागतो, अन् ते तेरी माँ मुझसे अच्छा जानती है. हे मी माझ्या पदरचं लिहीत नाही, शपथ.

तिनं विचारलं होतं, नाळ कधी कापता. तुझं उत्तर सांगितलं, उडायची थांबते तोवर हात लावत नाही. तिनं मान डोलावली, हेच तिचं. बाई बसून बाळंत होते की आडवी, याचंपण तुमचं एकच निघालं, गुडघ्यावर. मग मले वाटलं चला, दोघी एकमताच्या. तर बाळंतिणीच्या खाण्यावर अडलं. ती म्हणे, हाडांचा रस्सा अन् गरम छांग. तुझं उत्तर सत्यवतीनं जसंच्या तसं लिहिलं, "रस्सा ठीक. दारू लेकराच्या बापानं पिली तेवढी पुरे." आमचीबाई म्हणे, जवाची दारू ताकद देते. तू म्हटलं, खारीक-डिंक देते. ती म्हणे, डिंक म्हणजे काय. मले सांगता आलं नाही. तू डिंकाचा खडा पाठवला, तिनं जिभेवर ठेवला, विचार केला, अन् खिशात टाकला. माझ्या हिशोबानं तू जिंकली.

आता खरं बोलतो. वरच्या उतारावर बर्फ पडून राहिला. अजून पंधरा दिवसांत घाट बंद होईल. तिबेटी माणसं मनालीले उतरून राहिली, आमचीबाईपण. मी इथं राहिलो तर मे महिन्यापर्यंत अडकलो. मले घरी यायचं आहे. मी चिठ्ठीत विचारलं, येऊ का. त्याचं उत्तर सत्यवतीनं लिहिलं, ते असं, "मी बोलावत नाही अन् अडवत नाही. जे चार बायांत उभं राहून बोलला ते घडी घालून पाकिटात पाठवू नको म्हणावं. वरच्या गल्लीतल्या बाया अजून मले बाळंतपणाले बोलावत नाहीत. त्यांना पाकीट येत नाही."

हे मले माहीत नव्हतं माय. मले वाटलं बोललो, हवेत गेलं. सहा महिन्यांपासून त्या तुले बोलावत नाहीत हे मले कोणीच लिहिलं नाही.

मी आमचीबाईले विचारलं, यावर काही दवा. तिनं माझी नाडी पाहिली. या वेळेस माझीच. म्हणे, "तू ठीक है. मुँह में कोई बीमारी नहीं है."

येतो.

लहानू

---

इंदोरा, नागपूर
ता. २३ डिसेंबर, सकाळचे नऊ
आपल्याच दाराबाहेरून

माय,

जयभीम. पाच आठवडे झाले मी घरी आलो, तू माझ्याशी बोलत नाहीस. ताट वाढते, आंघोळीचं पाणी काढून ठेवते, पण बोलणं सत्यवतीमार्फत. "त्याले म्हण रस्सा गरम आहे." मी रोज सकाळी बादली घेऊन नळावर जातो. बाया असतात. रोज ठरवतो आज बोलतो. नळ येते, बादली भरते, मी घरी येतो. तोंड उघडत नाही. चार डोंगर चढलो पण हे होत नाही.

आज पहाटेपासून सत्यवती कळा देऊन राहिली. तू आत आहेस, मले बाहेर काढलं. ओट्यावर मोहल्ल्यातल्या बाया बसल्या, वरच्या गल्लीतल्यापण आल्या, पाहायले. मी वहीचा कागद घेऊन लिहून राहिलो, कारण बोलायपेक्षा लिहिणं सोपं जाते. आतून तू सत्यवतीले सांगून राहिली, "घाई नाही. घाई करणारा बाहेर बसला आहे, तू नको करू." तिले हसू आलेलं मले ऐकू आलं.

तर माय, पंधरा एप्रिलले नळावर मी म्हटलं, ही जगाची लेकरं काढते अन् घरचं एक टिकवत नाही, हिच्या हाताले यश नाही, हिले कोणी बोलावू नका. ते खोटं होतं. ती दोन लेकरं गेली तेव्हा तू सत्यवतीपाशी बसून होतीस, तिचं रक्त तू धुतलं. मी पानठेल्यावर होतो. घरी यायले मी भ्यालो. मग मले कोणावर तरी राग काढायचा होता अन् तू समोर बादली घेऊन उभी होतीस. माझ्या पाठवलेल्या गोळीनं हे तिसरं गेलं असतं. ते तुझ्या जिभेनं अन् हातानं वाचलं. यशाचं बोलायचं तर ते तुझ्याच हातात आहे, माझ्या तोंडात नाही. चौथी नापास माणसाचं ऐकून ज्यांनी तुले सोडलं त्यांनी आता पुन्हा माझंच ऐकावं अन् तुले बोलवावं.

तुझा,
लहानू

खालचं मी संध्याकाळी लिहिलं. सत्यवती उठून बसली की तुले वाचून दाखवेल, तू आत होतीस म्हणून तुले बाहेरचं दिसलं नाही.

चिठ्ठी मी दाराखालून सरकवणार होतो. ओट्यावरच्या पार्वतीबाईनं पाहिलं अन् आत ओरडून सांगितलं, "अवं पंचफुला, तुझा लहानू दाराशी बसून तुले चिठ्ठी लिहून राहिला." तू आतून म्हटलं, "वाचणारी तर कळा देऊन राहिली. मले येत नाही. त्याले म्हणा, वाच."

मी पाहिलं, सगळ्या बाया माझ्याकडं पाहून राहिल्या होत्या. म्हटलं, इथं?

"मग काय केलाँगले?" तू म्हटलं.

मी उभा राहिलो अन् वाचलं. मान खाली घालून, भरभर. वाचून संपलं. मग तुझा आवाज आला, "मोठ्यानं वाच. वरच्या गल्लीतल्या मागं बसल्या असतील, त्यांना गेलं नाही."

मी पुन्हा जयभीमपासून घेतलं. या वेळेस मान वर ठेवली. मागच्या बायांनी डोक्यावरचा पदर कानामागं घेतला. "मी पानठेल्यावर होतो" इथवर आलो अन् आतून पोट्टी रडली. एवढी जोरात रडली की पुढचं कोणालेच ऐकू गेलं नाही, सगळ्या बाया उठून दाराशी गेल्या. मी एकटा ओट्यासमोर राहिलो. तरी मी थांबलो नाही, शेवटपर्यंत वाचलं. पार्वतीबाई म्हणते, सहीपण वाचली.